पंखातले सात दाणे

माझ्या कंपनीची तेरवी पांढरकवड्याच्या लोकांनी ती जिवंत असतानाच तीनदा उरकली. पहिल्यांदा, एक विमान आर्णीजवळ तुरीच्या शेतात उतरलं आणि पुन्हा उठलंच नाही तेव्हा. दुसऱ्यांदा, दुसऱ्या विमानाचे भाग काढून काढून तिसऱ्याला लावता लावता दुसऱ्याचा नुसता सांगाडा उरला तेव्हा. तिसरी तेरवी एकोणसाठ सालच्या मार्चात झाली, आणि त्या वेळी मात्र मलाही वाटलं, की आता पत्रावळी मांडायला हरकत नाही.

कंपनीचं नाव वऱ्हाड हवाई सर्व्हिस. मालक वामनराव नागपूरला असत. पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याच्या अंगाला, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सरकारनं एक धावपट्टी साफ केली होती. तिथे आमचं पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये उरलेलं एकुलतं एक विमान. दोन इंजिनं, वर दोन आणि खाली दोन असे चार पंख, आत सहा माणसांची जागा. लोक त्याला नाकतोडा म्हणत. हा नाकतोडा नागपूरहून वर्तमानपत्रं, इंजेक्शनं, टॉकीजच्या पिक्चरचे डबे आणि कधीमधी एखादा घाईतला वकील घेऊन यायचा. पावसाळ्यात पूर येऊन रस्ता तुटला, की दवाखान्यातले डॉक्टरही आमच्या शेडकडे डोळे लावून बसत. पूर ओसरला, की सगळे पुन्हा आम्हाला हसायला मोकळे.

मी बळीराम. कंपनीचा कारकून, तिकीटमास्तर, सामान तोलणारा आणि धावपट्टीवरच्या म्हशी हाकलणारा. चारी हुद्द्यांना मिळून खुर्ची एकच होती, पण खुर्ची होती. आमच्या वस्तीतला मी पहिला मॅट्रिक. छप्पन साली नागपूरला जाऊन आम्ही सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतला, आणि पुढच्याच वर्षी मी आर्णीची मास्तरकी सोडून या कंपनीत आलो. "जमिनीवरची नोकरी सोडून पोट्ट्यानं हवेतली धरली," असं म्हणून वस्तीनं मला वेड्यात काढलं. आता कंपनी बुडाली असती तर आर्णीची जागा केव्हाच भरलेली होती. माझी खुर्ची बुडणार होती, आणि वस्तीतल्या पोरांना 'शिका, विमानापर्यंत पोचाल' म्हणून मी जे सांगत सुटलो होतो, तेही तिच्याबरोबर बुडणार होतं. मला जास्त झोंबत होतं ते हे दुसरं.

भानगड अशी होती. विमान उडण्यालायक आहे, असा सरकारी दाखला दर वर्षी घ्यावा लागे. एकतीस मार्चच्या आत दाखला मिळाला नाही, तर कंपनीचा परवाना रद्द. आणि आमच्या नाकतोड्याच्या पंखांवरचं कापड कुजलं होतं. हो, कापड. विमान म्हणजे सगळं लोखंड, अशी लोकांची समजूत असते. आमच्या विमानाचे पंख म्हणजे आत लाकडाच्या फासळ्या आणि वरून ताणून शिवलेलं कापड. ते बोटानं दाबलं की जुन्या धोतरासारखं फाटत होतं.

नवं कापड मुंबईहून आलं. ते शिवणारा कारागीर मात्र आला नाही. बुडत्या कंपनीत कोण येतं? त्यानं दुसरीकडे काम धरलं. आमचे बाकीचे लोकही एकेक करून पांगले होते. मी, मिस्त्री आणि चौकीदार सोडले तर वैमानिक भगवानराव तेवढे टिकून होते, पण तेही रोज सकाळी "काय हो बळीराम, आज कंपनी आहे ना?" असं विचारूनच चहाचा कप हातात घेत. मी रोज "आहे" म्हणायचो. खोटं बोलायची सवय तिथूनच लागली असावी.

आमचा मिस्त्री नजीर. लढाईत त्यानं विमानतळावर विमानं दुरुस्त केली होती, एरवी हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक दुरुस्त करायचा. कापडाचा गठ्ठा तो दोन दिवस नुसता चाचपत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बळीरामभौ, पंख शिवनं म्हनजे काय हाय, माहीत हाय का तुले? गादी शिवनं. सुई इकडून घालाची, तिकडून काढाची, गाठ मारून मंग पुढं. आपला गनीचाचा हेच काम चाळीस वर्सं करून राह्यला."

"गादी वेगळी, विमान वेगळं, नजीरभाई."

"गादीवर मानूस निजते, याच्यात बसते. पडला तर दोन्हीकून पडते. फरक सांग."

फरक मला सांगता आला असता. पण सतरा दिवस उरले होते, आणि सतरा दिवस उरलेल्या माणसानं वाद घालू नये.

अब्दुल गनी म्हणजे नजीरचे चुलते, जातीचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या आणि हातभर लांबीच्या सुईनं त्या आरपार शिवायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी पंखाचा सांगाडा पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "काम होते. पन पंख उभा करा लागन, अन् तिकडच्या बाजूनं सुई वढाले दुसरं मानूस पायजे. टाक्याची समज असनारं. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाई."

टाक्याची समज असणारं माणूस माझ्याच घरात होतं. माझी माय, मथुराबाई. तिचे आजोबा विणकर होते आणि ती वाकळ शिवायची. तिच्या वाकळीचा टाका उसवला, असं गावात कोणी पैज लावूनही म्हटलं नसतं. मी तिला विचारलं तेव्हा ती जवारी निवडत होती.

"कापड कशाचं हाय?" तिनं वर न पाहता विचारलं.

"जवसाचं. विलायतेत जवसाच्या काडीचा धागा काढतात."

"घ्या! आमी येडे चटनीच करून राह्यलो आतालोक." आणि सूप बाजूला ठेवून ती उठली.

मग जे सुरू झालं ते पाहायला गाव लोटलं. पंख लाकडी घोडीवर टेकवून उभा. एका अंगाला गनीचाचा, दुसऱ्या अंगाला माय. मध्ये कापड असल्यानं दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, नुसती सुई जात-येत होती. नजीरकडे लढाईतलं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात गाठ कशी मारायची, दोन टाक्यांत किती अंतर ठेवायचं, सगळं दिलं होतं. ते वाचून मराठीत सांगणं हे माझं काम. मी वाचायचो, आणि दोघंही आपापल्या बाजूनं मला सांगायचे, की हे आम्हाला माहीत आहे, पुढं वाच.

"बाई, टाका ढिला येऊन राह्यला!" गनीचाचा ओरडायचे.

"ढिला नाई गनीभाऊ, तुमी वढता जास्त. पंख हाय, बैल नोहे."

पुस्तकात तीन इंच अंतर लिहिलं होतं. माय पट्टी न घेता चार बोटं टेकवून टाका घालत होती. मी चिडून पट्टी आणली आणि ओळीनं वीस टाके मोजले. विसाच्या वीस तीन इंचांवर. मी पट्टी गुपचूप खिशात घातली, आणि माय पंखाआडून म्हणाली, "झालं समाधान मास्तरचं?"

टाके झाले की नजीर कापडाला डोप लावायचा. डोप म्हणजे एक औषध, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारख्या उग्र वासाचं. ते वाळलं की कापड ढोलकीसारखं ताणलं जातं. मार्चातलं आमचं ऊन म्हणजे डोपाला वरदानच. शेवटचा चंदेरी रंगाचा हात मात्र तपासणी झाल्याशिवाय द्यायचा नव्हता, कारण तो दिला की कापडाच्या आतलं काही दिसत नाही. गावचे लोक शेडच्या दारात उभे राहून हसत. "इमान नाई, वाकळ हाय ते," असं एकानं म्हटलं आणि ते हॉटेलाहॉटेलातून फिरलं. मी दोनदा भांडायला गेलो, दोन्ही वेळा नजीरनं मला कॉलर धरून परत आणलं.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी मुंबईहून निरीक्षक साहेब आले. उंच, बारीक, कमी बोलणारे. तीस तारखेला सकाळी त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि एकेका पंखाशी तास तास घालवला. अंगठ्यानं दाबत, बोटानं वाजवत, बॅटरी मारून गाठी पाहत. पहिला पंख झाला, काही बोलले नाहीत. दुसरा झाला, "हं" म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले, "कोणी शिवलं?" मी सांगितलं. त्यांनी गनीचाचांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. गनीचाचांची दाढी त्या एका मान हलवण्यानं वीतभर पुढं आली.

मग चौथा पंख. साहेबांनी त्याचं एक टोक धरून उचललं आणि आतून आवाज आला. टिक, टिक, टिक, टिक.

साहेबांनी टोक खाली केलं. टिक, टिक, टिक.

"आत काहीतरी सुटं आहे," साहेब म्हणाले.

नजीरनं खिशातला कागद काढला. "साहेब, माहा एकेक नट मोजेल हाय. कागदावर लिवेल हाय."

"मग हे काय वाजतंय?"

नजीरनं डबे ओतून नट मोजले. बरोबर भरले. पुन्हा मोजले, पुन्हा बरोबर. गनीचाचा पुढं झाले. "साहेब, माह्या सुईचं टोक मोडलं असन. म्हातारा हात हाय. पोट्ट्याले बोलू नका." सुई त्यांच्या हातातच होती, टोकासकट. साहेबांनी ती पाहिली आणि परत दिली.

"या पंखातून तार जाते," ते शांतपणे म्हणाले. "पुढे ती कप्पीवरून वळते. सुटी वस्तू कप्पीत अडकली, की वैमानिकाला विमान वळवता येत नाही. मला दाखला देता येणार नाही. कापड उघडून पुन्हा शिवायला किती दिवस?"

"चार," नजीर म्हणाला.

"उद्या एकतीस आहे."

मला काय झालं कोण जाणे. सतरा दिवसांचं सगळं डोक्यात गेलं आणि मी नजीरवर ओरडलो. गावासमोर, साहेबांसमोर. सतरा दिवस गाव आमच्यावर हसलं, आणि तुला एक नट सांभाळता आला नाही, असं काहीबाही बोललो. ट्रकच्या मिस्त्रीला विमान दिलं की असंच होणार, हेही बोललो. नजीर फडक्यानं हात पुसत राहिला. आज इतकी वर्षं झाली, पण तो हात पुसणारा नजीर आठवला की मला माझीच लाज वाटते.

एवढ्यात माय भाकरीचं गाठोडं घेऊन आली. दारात उभं राहून तिनं सगळं ऐकलं. गाठोडं खाली ठेवलं.

"नजीरले कायले बोलतं रे बळी?" ती म्हणाली. "ते मी टाकलं."

"काय टाकलं?"

"जवारी. सात दाने."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मला मात्र सगळं कळलं आणि मी कपाळावर हात मारला. वाकळ शिवून झाली, की शेवटची कड बंद करायच्या आधी माय तिच्यात जवारीचे सात दाणे टाकते. तिच्या आईकडची रीत. ज्याच्या अंगावर वाकळ जाईल तो उपाशी निजू नये म्हणून. धम्म घेतला तेव्हा मायनं देव नदीत सोडले, नवस सोडले, उपासतापास सोडले. दाणे सोडले नाहीत. मी एकदा टोकलं होतं, तर म्हणाली, "हे देवाचं नाई बाप्पा, पोटाचं हाय." चारी पंखांची मिळून तिनं एक वाकळ धरली आणि चौथ्याची कड बंद करताना आपली रीत केली. नजीरच्या पुस्तकात सगळं लिहिलेलं होतं. आत जवारी टाकू नये, एवढंच लिहायचं इंग्रज विसरले होते.

"नक्की सातच?" साहेबांनी विचारलं.

"मोजून टाकले."

"आणि जवारीच?"

"मंग काय मोती टाकू?"

साहेब हसले नाहीत. "बाई, चौदा वर्षं मी पंख तपासतोय. आत नट सापडला आहे, पाल सापडली आहे, एकदा अर्धी विडी सापडली. जवारी आजच. पण कप्पीला नट काय आणि जवारी काय, सारखंच. उद्याचा दिवस रंगाला आणि पंख जोडायला लागेल. म्हणजे तुमच्या हातात आजचा दिवस आहे. सूर्य मावळायच्या आत, कापड न फाडता सात दाणे बाहेर आले, तर पुढचं पाहू. नाहीतर मला माफ करा."

पंखाच्या मागच्या कडेला खालून बारीक भोकं असतात, आत पाणी साचू नये म्हणून. करंगळीच्या नखाएवढी. दाणे निघाले तर तिथूनच निघणार होते. नजीरनं आणि मी पंख उचलला आणि गदागदा हलवायला लागलो. आत दाणे नुसते सैरावैरा पळत होते.

"अरे आपटता काय बह्याडावानी!" माय ओरडली. "पाखडा. सुपात दाना कोपऱ्यात कसा आनता? हळू झोक द्या, मंग टेकवा. घरी कधी सूप धरलं असन तर समजन ना!"

दोघांचं ते काम नव्हतं. नजीर रस्त्यावर गेला आणि दोन ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर घेऊन आला. तरी माणसं कमी पडत होती, म्हणून मायनं दारात हसत उभे असलेल्यांकडे बोट केलं. "तुमी काय लग्नाले आले? धरा!" आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी धरलं. बारा माणसांनी तो पंख सुपासारखा हातात घेतला. खाली भगवानरावांचं पांढरं धोतर अंथरलं. माय समोर उभी राहून हात हलवत होती, आणि बारा बाप्ये तिच्या हाताबरोबर डुलत होते.

पहिला दाणा पडला तेव्हा सगळे ओरडले. दुसरा, तिसरा लागोपाठ. चौथ्याला अर्धा तास. पाचवा, आणि मग सहावा, उन्हं शेडच्या मागं कलायला लागली तेव्हा. त्यानंतर काही नाही. आवाजही नाही. पंख कसाही झुलवा, आत अगदी शांत. तासभर झाला. माणसांचे हात भरून आले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

शेडमागं चौकीदार नेमसिंगच्या कोंबड्या होत्या, त्यांच्या दाण्याचा डबा होता. मी पाणी प्यायच्या निमित्तानं तिकडं गेलो आणि एक दाणा उचलला. बोटांच्या चिमटीत धरून परत आलो. सगळे पंख झुलवत असताना धोतराची घडी सारखी करायला वाकलो आणि तो दाणा सोडला.

"सात!" एक ड्रायव्हर ओरडला. "सात झाले!"

काय जल्लोष झाला! भगवानरावांनी मला मिठी मारली. ज्या माणसानं वाकळीचा विनोद केला होता, तोच नजीरची पाठ थोपटत होता. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. माझा जीव भांड्यात पडला.

माय वाकली. तिनं सातवा दाणा उचलून तळहातावर घेतला आणि उलटापालटा करून पाहिला.

"हा माहा नाई," ती म्हणाली.

"माय..."

"माही जवारी मी निवडून घेतली होती, टपोरी. याले त एका बाजूनं किडीनं खाल्लं. साहेब, सहाच झाले."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सत्तावीस वर्षांचा मी, मॅट्रिक, खुर्चीवाला, पण त्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. लोकांत कुजबुज सुरू झाली. "काहून बुडवता वो बाई? आवाज त बंद झाला ना!" असं कोणीतरी कळवळून म्हणालं. नजीरनंही हलकेच म्हटलं, "मावशी, आता आत काई वाजून नाई राह्यलं."

"वाजत नाई म्हनजे नाई असं हाय का? मी सात टाकले. एक आत हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सूर्य दोन हात वर होता. जिच्या गप्प राहण्यानं कंपनी वाचली असती, तिनंच तोंड उघडलं होतं. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की तिनं दुसरं काही केलं असतं तर ती माझी माय नव्हती.

तेव्हा गनीचाचा बोलले. ते इतका वेळ एका कोपऱ्यात बसून होते. "मथुराबाई, कड बंद केली त्या दिवशीच नजीरनं डोप लावला का?"

"लगेच लावला. माह्या हाताले वास होता रातभर."

"मंग दाना कुठी जाईन? गादीत सरकी वल्या खळीले चिकटते, तशी ती जल्मभर सुटत नाई. उनात धरा पंख."

बारा जणांनी पंख शेडबाहेर आणला आणि मावळतीच्या उन्हासमोर उभा धरला. चंदेरी रंग अजून दिला नव्हता. ऊन कापडातून आरपार आलं आणि सगळा पंख आतून पेटल्यासारखा झाला. प्रत्येक फासळी दिसत होती. फासळीवर ओळीनं टाके दिसत होते, एकाखाली एक, एकाखाली एक, कुठं वाकडा नाही, कुठं चुकला नाही. मी ते टाके सतरा दिवस पाहिले होते, पण असे कधी पाहिले नव्हते. आणि चौथ्या फासळीच्या शेजारी, कापडाला आतून चिकटलेला एक काळा ठिपका.

"तो पाहा माहा," माय म्हणाली.

साहेब जवळ गेले. बोटानं टिचकी मारली. दाणा हलला नाही. बॅटरीच्या बुडानं ठोकलं, अंगठ्यानं चोळलं, पंख आडवा-उभा करायला लावून पुन्हा ठोकलं. दाणा जागचा सरकला नाही. तारेपासून तो दोन वीत लांब होता, तेही त्यांनी मोजलं. मग ते कितीतरी वेळ त्या टाक्यांच्या ओळींकडे पाहत राहिले. शेवटी वही उघडून त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: पंखात सुटी वस्तू नाही.

"बाई," ते मायला म्हणाले, "मघाशी मी सही करणारच होतो, पेन उघडलं होतं. तुम्ही थांबवलंत. या चार पंखांतले सगळे टाके काही मला मोजता आले नाहीत. पण जे मोजले नाहीत, तेही आता मी मोजलेलेच धरतो."

मायला ते कितपत कळलं कोण जाणे. ती नजीरला म्हणाली, "जेव आता. सकाळपासून उपाशी हायेस." मीही नजीरपाशी गेलो. सगळ्यांसमोर ओरडलो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. त्यानं भाकरी तोडून अर्धी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "खा गुपचूप. कोंबड्याचा दाना चोरनाऱ्याले एवढीच."

एकतीस तारखेला दुपारपर्यंत चंदेरी हात वाळले, पंख जोडले गेले. पाच वाजता चाचणीचं उड्डाण. भगवानरावांनी टोपी घातली आणि हट्ट धरला, की ज्यानं शिवलं त्यानं बरोबर बसावं. लढाईत म्हणे हवाई छत्री घडी करणाऱ्यालाच पहिली उडी मारायला लावत. गनीचाचांनी दोन्ही कान पकडले. "आमी गादीवाले मानसं, खालीच बरे." माय मात्र पदर खोचून पायरी चढली, जशी काही आठवडी बाजाराच्या गाडीतच बसते आहे. साहेब तिच्या मागच्या जागेवर बसले.

नजीरनं बाहेरून पंखे फिरवून इंजिनं सुरू केली. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना अख्खं पांढरकवडा उभं होतं. नाकतोडा धावला, आणखी धावला, धुळीत दिसेनासा झाला, आणि मग धुळीतून वर निघाला. त्याचे पंख उन्हात असे चमकले, की मी मोठमोठ्यानं रडलो. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. गावावरून त्यानं तीन घिरट्या घातल्या, खाली आला, एकदा उसळला आणि सरळ येऊन उभा राहिला. साहेबांनी उतरल्या उतरल्या पंखावरच कागद ठेवून सही केली. त्या पावसाळ्यात रस्ता अकरा दिवस तुटला होता, आणि अकराही दिवस आमचा नाकतोडा उडाला. कंपनीची चौथी तेरवी घालायची हिंमत मग कोणी केली नाही.

पण त्या संध्याकाळी सगळा गराडा पडला होता तो मायभोवती. ज्यांच्या ओसरीची पायरी तिला जन्मात कोणी चढू दिली नव्हती, असे मोठ्या घरचे लोकही त्यात होते. त्यांतल्याच एकानं, गावातलं सगळ्यांत मोठं घर ज्याचं, पुढं होऊन विचारलं, "कसं दिसते वो बाई वरून गाव आमचं?"

मायनं केस नीट केले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरावरचे कवेलू लय फुटले हायेत, भाऊ," ती म्हणाली. "पावसाच्या आंधी फेरून घ्या."